ट्रंकेतली चार पदकं आणि पाटीवरची एक ओळ

माणगाव तालुक्यातलं एक गाव. गणपतीला मुंबईकर आले तेव्हा मंडळाच्या सभेत ठरलं, की दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या गावकऱ्यांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरायची आणि पाटी देवळाच्या पारावर बसवायची. नावं अकरा निघाली. प्रत्येक नावापुढे एकच ओळ, कारण कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. दहा घरांनी ‘दुसरे महायुद्ध’ एवढ्यावर समाधान मानलं. अकराव्या घराने पणजोबांच्या नावापुढे ओळ दिली ती अशी: ‘जर्मनीच्या लढाईत शौर्य गाजवले. व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे यांचे साथीदार.’ सोबत पुरावा म्हणून ट्रंकेतल्या पदकांचा मोबाइलवर काढलेला फोटो.

मंडळाच्या सचिवाला दोन प्रश्न पडले आणि दोन्ही रास्त होते. मराठा पलटणी जर्मनीत लढल्या का? आणि घाडग्यांचे साथीदार हे या पदकांवरून कसं कळलं?

इथे मांडलेलं घर नमुन्याचं आहे. अशा शोधात वारंवार समोर येणाऱ्या वस्तू आणि चुका एका घरात आणून ठेवल्या आहेत. लढाया, तारखा, पदकांचे नियम आणि दप्तरांची नावं मात्र जशी आहेत तशीच.

ओळ आली कुठून

घाडग्यांचं नाव येणं साहजिक होतं. पळसगाव याच तालुक्यातलं. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, लिहिताना 3/5. त्यांच्या तुकडीतला प्रत्येक माणूस मशीनगनने ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या गनवर धावले. आधी हातबॉम्ब, मग गोळ्या, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीची नळी धरून दस्त्याने शेवटचे दोघे मारले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे, 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यामुळे या तालुक्यात कुणाचा पणजोबा मराठा पलटणीत होता म्हटलं, की तो घाडग्यांच्या शेजारच्या खंदकात होता असं घर परस्पर ठरवून मोकळं होतं.

पण त्या महायुद्धात पाचव्या मराठाच्या बटालियन जगभर विखुरलेल्या होत्या. पहिली इटलीत. दुसरी लिबियाच्या वाळवंटात. तिसरी आधी एरिट्रियात केरनच्या डोंगरांवर आणि नंतर इटलीत. चौथी मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांच्या तोंडी. सहावी तर महायुद्ध संपल्यावर, ऑक्टोबर 1945 मध्ये, जावा बेटावर सुराबायाच्या दंगलीत सापडली. एका वाडीतले दोन चुलतभाऊ एकाच दिवशी भरती झाले तरी एकाच्या वाट्याला वाळू यायची आणि दुसऱ्याच्या वाट्याला जळवा. ‘मराठा पलटणीत होते’ एवढ्याने माणूस कुठल्या खंडात होता तेसुद्धा कळत नाही.

बरं, कोकणातून गेलेला प्रत्येक जण मराठा पलटणीतच होता असंही नाही. पदकाच्या कडेवर आर. आय. ए. एस. सी. असेल तर रसद आणि वाहतूक, म्हणजे खेचरं किंवा लॉरी. आर. आय. एन. असेल तर आरमार. महार रेजिमेंट ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली. शेजारच्या महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे पहिल्या महायुद्धापासूनच प्रसिद्ध आहे. त्या लढाईत गावातून 111 माणसं गेली, 6 परतली नाहीत. इंग्रजांनी अशा गावांना दगड दिले, पण दगडावर आकडे आहेत, नावं नाहीत. मंडळाला नावं हवी होती ती यासाठीच.

‘जर्मनीची लढाई’ हा वेगळा घोळ. जुन्या बोलण्यात ‘जर्मनची लढाई’ म्हणजे जर्मनाशी झालेली लढाई, जर्मनीत झालेली नव्हे. नातवंडांनी ‘जर्मनची’चं ‘जर्मनीची’ केलं. वायव्य युरोपात, म्हणजे फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनीत 6 जून 1944 ते 8 मे 1945 या काळात लढलेल्यांना ‘फ्रान्स अँड जर्मनी स्टार’ मिळाला. ट्रंकेत तो नव्हता.

ट्रंकेत काय होतं

पत्र्याची हिरवी ट्रंक, माळ्यावर. आत सुतळीत ओवलेली चार पदकं, वाळवीने निम्मं खाल्लेलं डिस्चार्जचं कागदपत्र, एक करडं पांढरट नाणं. देवघराशेजारी भिंतीवर पणजोबांचा गणवेशातला फोटो, काचेच्या चौकटीत. चौकट कुणी उघडलेली नव्हती. ती उघडायला हवी हे सुचायला दोन महिने गेले. त्याबद्दल पुढे.

घरच्यांनी फोटो काढायच्या आधी पदकं चिंच लावून घासली होती. कोकणातल्या घरात तांब्या-पितळेचं जे काही दिसेल त्याला चिंच लागतेच, दोष कुणाला द्यायचा! पण पदकावर नाव असतं ते यंत्राने हलकं ठोकलेलं. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावलं की धातूचा पातळ थर जातो आणि पाचसहा दिवाळ्यांत अक्षरांच्या कडा विरतात. पावसाळ्यात हिरवा थर चढला तर मऊ, कोरड्या टूथब्रशने झटकायचा, बस्स. नंतर धुतलेल्या मलमलीत प्रत्येक पदक वेगळं गुंडाळून स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचं आणि पुड्या जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदलायच्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. आत घाम धरतो आणि काही प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ धातू खाते.

चार पदकांत तीन तारे आणि एक गोल. तिन्ही तारे दिसायला सारखे: सहा टोकं, 44 मिलिमीटर रुंद, पिवळसर तांब्याचे. फरक फक्त मधल्या वर्तुळाकार पट्टीतल्या इंग्रजी अक्षरांत. पहिला 1939–45 स्टार, दुसरा आफ्रिका स्टार, तिसरा इटली स्टार. गोल 36 मिलिमीटरचं वॉर मेडल, पाठीमागे ड्रॅगनवर उभा सिंह. ते 28 दिवसांच्या सेवेला मिळायचं, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाकडे असतं. शोधाला त्याचा उपयोग एकच, कडेवरचं नाव.

फितींवर विसंबायचं नाही. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, आफ्रिकेची वाळूच्या रंगाची आणि मधे लाल पट्टा. हे खरं, पण फिती कुजतात, सुना नवीन शिवतात, आणि हातात येईल ती फीत येईल त्या ताऱ्याला लागते. या घरात आफ्रिका स्टारला ब्लाउजची लेस होती. वाचायचा तो धातू.

पहिलं वाचन, आणि ते का चुकलं

मंडळातल्या एका होतकरू तरुणाने जालावर बसून पहिलं अनुमान काढलं. आफ्रिका स्टार आहे आणि इटली स्टारही आहे. पाचव्या मराठाची तिसरी बटालियन आधी एरिट्रियात आणि मग इटलीत. आफ्रिका स्टार 10 जून 1940 ते 12 मे 1943 या काळातल्या उत्तर आफ्रिकेतल्या सेवेसाठी मिळतो आणि त्यात एरिट्रियाही धरलेलं आहे. म्हणजे पणजोबा 3/5 मध्ये. 3/5 म्हणजे घाडग्यांची बटालियन. झालं, ओळ सिद्ध.

तर्क वाईट नव्हता. केरनचा किल्ला घेताना 15 मार्च 1941 च्या रात्री पिनॅकल नावाची टेकडी 3/5 नेच घेतली. तेव्हा तिचा कमांडर होता डेनिस रीड, आणि हाच माणूस पुढे इटलीत त्या बटालियनच्या डोक्यावरच्या 10 व्या भारतीय डिव्हिजनचा सेनापती झाला. आफ्रिका आणि इटली हे दोन्ही तारे असलेला 3/5 चा शिपाई ही अगदी संभवनीय गोष्ट. चूक एकच, त्याने पदकांची फक्त दर्शनी बाजू पाहिली.

ब्रिटिश सैनिकांना मिळालेले दुसऱ्या महायुद्धाचे तारे बहुतेक कोरे असतात. भारतीय सैन्याला दिलेल्या पदकांवर मात्र बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्यावर पाठीमागे, गोल पदकावर कडेला. घासलेल्या पदकावर ते समोरून प्रकाश टाकून दिसत नाही. खोलीत अंधार करायचा, पदक काळ्या कापडावर ठेवायचं, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश सोडायचा आणि पदक हळूहळू फिरवायचं. कुठल्या तरी एका कोनात अक्षरांच्या कडा सावली टाकतात, तेवढ्यात फोटो. तरीही जमलं नाही तर पातळ बटर पेपर धरून मऊ पेन्सिलीने हलकं घासायचं. खडू किंवा पावडर भरायची नाही, ती खाचेत ओल धरते.

चारही पदकं अशी वाचली. तीनवर एकच नंबर. इटली स्टारवर आडनाव तेच, नावाचं आद्याक्षर तेच, हुद्दा शिपाई, पलटण मराठा एल. आय. पण नंबर वेगळा, शेवटचे तीन आकडे जुळेनात.

इथे घर थोडं रागावलं. नंबर ठोकताना चूक झाली असेल, असं म्हणून पाहिलं. एका आकड्याची चूक होऊ शकते. तीन आकड्यांची होत नाही. अशा वेळी भावकीत फिरणं हाच उपाय. खालच्या वाडीत, त्याच आडनावाच्या घरी, फळीला ठोकलेली तीन पदकं होती आणि चौथ्या खिळ्यावर काहीच नव्हतं. त्या तिन्हीवर इटली स्टारचाच नंबर. पदकं युद्धानंतर काही वर्षांनी टपालाने आली, न ओवता, एकेका पाकिटात. दोन्ही घरांचा टपालवाला एक, आडनाव एक, आद्याक्षर एक. सत्तरएक वर्षं एक तारा चुकीच्या माळ्यावर पडून होता. तो खालच्या वाडीत परत गेला आणि चौथा खिळा भरला. घाडग्यांच्या बटालियनचा धागा असलाच तर तो आता त्या घराने तपासायचा आहे.

आपल्या पणजोबांकडे उरलं काय? 1939–45 स्टार, आफ्रिका स्टार, वॉर मेडल. म्हणजे आफ्रिका निश्चित. इटलीतल्या लढाईचा पुरावा शून्य. तरी आजी, म्हणजे पणजोबांची सून, ठाम होत्या: “मामंजी इटलीला व्हते. तिकडं पोरांना काय बोलतात ते त्यांना येत व्हतं. बाम्बीनो.”

पदक नाही आणि आठवण आहे. दोन्ही खरं असेल असा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कैद.

चौकटीच्या पाठीमागचं कार्ड

आफ्रिकेत मराठा बटालियन सगळीच्या सगळी पकडली गेली ती एकदाच. 21 जून 1942 रोजी जर्मन सेनापती रोमेलने लिबियातलं टोब्रुक बंदर घेतलं तेव्हा. 11 व्या भारतीय ब्रिगेडमध्ये कॅमेरन हायलँडर्स, 2/7 गुरखा आणि 2/5 मराठा होत्या. सुमारे 33,000 सैनिक एका दिवसात कैदी झाले. भारतीय कैदी समुद्रापलीकडे इटलीला गेले. इटली स्टार मिळायला त्या मोहिमेत सैनिक म्हणून सेवा लागते, तारेच्या कुंपणामागे काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणून इटलीत राहूनही तारा नाही.

आता फोटोची चौकट उघडली. जुन्या चौकटींत फोटोमागे जो कागद हाताला येईल तो आधाराला घालत. कॅलेंडर, लग्नपत्रिका, विड्याच्या खोक्याचा पुठ्ठा. इथे पुठ्ठ्याच्या आत एक टपालकार्ड निघालं. छापील मजकूर इटालियन, युद्धकैद्यांच्या टपालाचा. हाताने लिहिलेलं ‘पी. जी. 91’. पाठीमागे पेन्सिलीने चार ओळी मराठी: खुशाल आहे, पार्सल पोचलं, भात लावून झाला का, धाकट्याला शाळेत घाला.

पी. जी. 91 म्हणजे आवेत्सानो, रोमच्या पूर्वेला आब्रुत्सीच्या डोंगरातलं शहर. तिथला कॅम्प भारतीय कैद्यांचा होता. आवेत्सानो 1915 च्या भूकंपात भुईसपाट झालं होतं आणि नव्याने बांधलेलं होतं. थंडीत तिथे बर्फ पडतं. लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडातून भारतीय कैद्यांसाठी बांधलेल्या पार्सलांत आटा, डाळ, करी पावडर असे. भातखाऊ कोकण्याला आटा, पण तेव्हा कुणी तक्रार केली असेल असं वाटत नाही.

कार्ड सापडल्यावर ते काचेखाली परत ठेवायचं नाही. दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचं, लॅमिनेशन अजिबात करायचं नाही, कारण लॅमिनेशन सुटत नाही आणि पेन्सिल कायमची चिकटते. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवं. चौकटीत स्कॅनची प्रत लावा, कुणाला फरक कळत नाही.

दप्तरात काय विचारायचं

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. थेट पत्र लिहिता येतं, पण रायगडकरांनी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज लावला तर उत्तर येण्याची शक्यता जास्त. अर्जात सगळ्यात आधी नंबर. नाव दुसरं. नंबर नसेल तर गावाचं नाव आणि वडिलांचं नाव, आणि तेही त्या काळच्या शासकीय वळणाने. इथे दोन खड्डे आहेत. रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा होता. कागदावर ‘कुलाबा’ दिसलं की नातवंडं मुंबईतल्या कुलाब्याला शोधत बसतात. तसंच सिंधुदुर्गच्या माणसांचे जुने कागद रत्नागिरीच्या नावाने असतात, कारण तो जिल्हाही 1981 मध्येच वेगळा झाला. दुसरा खड्डा स्पेलिंगचा. रेजिमेंटचं नाव त्या काळी इंग्रजीत ‘मह्रट्टा’ असं लिहीत, आजच्या स्पेलिंगने शोधलं तर जुन्या सूच्यांत काही सापडत नाही. कागदावर ‘के. एम.’ असं दिसलं तर ते नावाचं आद्याक्षर समजू नये, कोकणी मराठा असा तो भरतीचा वर्ग.

पेन्शन नसलेल्या शिपायाचा शीट रोल, म्हणजे सेवा-पुस्तिका, ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, पण लाँग रोल म्हणजे भरतीची नोंदवही टिकते. म्हणून अर्जात ‘सेवा-पुस्तिकेची प्रत द्या’ असं मागू नये. ‘लाँग रोलमधली नोंद कळवा’ असं मागावं. पहिल्या मागणीला ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं आणि फाइल बंद होते. पणजी हयात असताना त्यांनी महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठीचं राज्य शासनाचं अनुदान घेतलं असेल, तर सैनिक कल्याण कार्यालयात त्या अर्जाबरोबर नंबर आणि बटालियन लिहिलेली असते. ही सोपी वाट बहुतेक घरं विसरतात. हे घरही ती विसरलंच होतं.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर या पणजोबांना शोधण्यात अर्थ नव्हता. तिथे सेवेत मेलेल्यांचीच नोंद असते, दुसऱ्या युद्धासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. घाडगे सापडतात, कासिनो स्मारकावर. घरी परतून शेती करून मेलेला माणूस तिथे सापडत नाही, आणि सापडला नाही म्हणजे तो गेलाच नव्हता असंही होत नाही.

नोंद आली ती पाच ओळींची. भरती ऑक्टोबर 1940, प्रशिक्षण बेळगाव, दुसरी बटालियन, जून 1942 मध्ये युद्धकैदी, 1946 मध्ये सेवामुक्त.

बटालियन कळल्यावर मंडळातल्या मंडळींना आणखी एक मोह झाला, आणि हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. 2/5 चा सगळा इतिहास पणजोबांच्या नावावर लावायचा. 2/5 मार्च 1941 मध्ये केरनला होती, फ्लॅट टॉप टेकडी तिने घेतली. जून 1941 मध्ये इजिप्त-लिबिया सीमेजवळच्या हलफाया खिंडीखाली होती. पण ऑक्टोबर 1940 ला भरती झालेला रंगरूट बेळगावला महिनोन्‌महिने कवायत करतो, मग कुमक म्हणून मुंबईहून बोटीत बसतो. मार्च 1941 ला तो केरनच्या कड्यावर असणं शक्य नाही. हलफायाही अवघडच. आफ्रिका स्टार त्याला एका दिवसाच्या सेवेवरही मिळाला असता, त्यामुळे तारा तारखेबद्दल काही सांगत नाही. तारीख हवी असेल तर बटालियनच्या युद्धडायऱ्या आहेत. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ 169 आणि इटलीच्या डब्ल्यूओ 170 या मालिकांत. पण तिथेही शिपायांची नावं क्वचित येतात, ‘अमुक तारखेला 60 माणसांची कुमक पोचली’ एवढं असतं. एका ओळीच्या पाटीसाठी तो खर्च कुणी केला नाही आणि ते योग्यच.

बर्फ आणि नाणं

उरली आजींची गोष्ट. मामंजी घोड्यांच्या डब्यातून गेले, मग बॉम्ब पडले, मग बर्फातून चालत स्विझरलंडला गेले. घरात ही गोष्ट कुणी मनावर घेत नसे. महाड-पोलादपूरपलीकडे न गेलेला म्हातारा स्वित्झर्लंड कुठून सांगणार, असं नातवंडांना वाटे. वास्तविक ट्रंकेतली सगळ्यात तपासण्याजोगी गोष्ट हीच.

8 सप्टेंबर 1943 ला इटलीने शस्त्रं ठेवल्याचं जाहीर झालं. कैदी जर्मनांनी ताब्यात घेतले आणि मालगाडीच्या बंद डब्यांतून उत्तरेला नेले. त्या डब्यांवर ‘40 माणसं, 8 घोडे’ अशी क्षमता लिहिलेली असे. घोड्यांचा डबा तो हाच. बरेचसे भारतीय कैदी फ्रान्समध्ये व्होज डोंगराच्या पायथ्याशी एपिनाल इथे ठेवले होते. 11 मे 1944 ला अमेरिकन विमानांनी एपिनालवर बॉम्बफेक केली, कॅम्पच्या भिंती पडल्या, कैदी पळाले. सुमारे 500 जण स्वित्झर्लंडला पोचले. सरळ रेषेत अंतर 85 ते 90 किलोमीटर, म्हणजे माणगाव ते मुंबई फोर्ट. रात्री चालायचं, दिवसा जंगलात. वाटेतल्या एतोबों नावाच्या खेड्याने त्यांना जेवूखाऊ घातलं, वाट दाखवली. त्याच एतोबोंच्या 39 गावकऱ्यांना जर्मनांनी 27 सप्टेंबर 1944 ला गोळ्या घातल्या.

बॉम्ब जुळले, डबा जुळला. बर्फ जुळत नाही. मे महिन्यात त्या वाटेवर बर्फातून चालण्याचा प्रसंग फारसा येत नाही. बर्फ बहुधा आवेत्सानोच्या हिवाळ्यातलं आणि चालणं मेमधलं. पन्नास वर्षं सांगता सांगता दोन्ही एकत्र शिवली गेली. गोष्ट खोटी ठरवायला हे पुरत नाही, तारीख लावायला मात्र ती वापरू नये.

मग ते करडं नाणं. वीस मिलिमीटर, पत्र्यासारखं हलकं, पांढरी भुकटी सुटलेली. लहानपणी पोरांनी ते ‘खोटा पैसा’ म्हणून खेळायला घेतलं होतं. भिंगाखाली एका बाजूला क्रूस आणि ‘हेल्वेशिया’ अशी रोमन अक्षरं. स्वित्झर्लंडने युद्धात तांबं वाचवायला 1942 ते 1946 या काळात 1 आणि 2 रापेनची नाणी जस्ताची पाडली. हे त्यांतलं दोनचं. पांढरी भुकटी म्हणजे दमट हवेत गंजणारं जस्त. त्याला तेल लावायचं नाही, कोरड्या पाकिटात वेगळं ठेवायचं, पदकांबरोबर तर नकोच.

नाणं पुरावा आहे का? आधार आहे, पुरावा नाही. नाणं जहाजावरच्या सोबत्याकडून, बाजारातून, कुठूनही येऊ शकतं. पण जस्ताचे दोन रापेन मुद्दाम कुणी विकत घेत नाही आणि एवढ्या काळाचं नाणं माणगावात येण्याची दुसरी वाट सुचत नाही. पक्कं करायचं असेल तर जिनिव्हाला रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीकडे कैद्यांची नोंद असते. त्यांना पूर्ण नाव, वडिलांचं नाव, नंबर, पलटण, पकडल्याची जागा आणि तारीख हवी, आणि ते ठरावीक संख्येनेच अर्ज घेतात. म्हणून लाँग रोलची नोंद हातात येण्याआधी अर्ज करणं म्हणजे एक वेळ वाया घालवणं. इथे तो नोंदीनंतर गेला आहे.

एका तरुणाने सुचवलं, कैदी होते म्हणजे नेताजींच्या फौजेत गेले असतील, तेही लिहू. जर्मनीत आन्नाबुर्गच्या कॅम्पातून आझाद हिंद लीजनमध्ये काही हजार भारतीय कैदी भरती झाले, हे खरं. पण एपिनालहून पळालेला माणूस त्या वेळी लीजनचा शिपाई नव्हता, कैदी होता. कागद नसताना असं लिहिणं हे पणजोबांवर लादलेलं दुसऱ्याचं आयुष्य झालं असतं, इटली स्टारसारखंच.

पाटीवर शेवटी कोरलं ते असं: ‘शिपाई, 2/5 मराठा लाइट इन्फंट्री. टोब्रुक 1942. युद्धकैदी, इटली.’ जर्मनी गेलं, घाडगे गेले. आजींना आधी ते पटलं नाही. बाम्बीनो म्हणणारा माणूस इटलीत होता हे दगडावर आलं म्हटल्यावर पटलं. एपिनाल आणि स्वित्झर्लंड मंडळाच्या स्मरणिकेत, ‘घरात सांगितलं जातं’ या शब्दांनी आणि नाण्याच्या फोटोसह. कोरणाऱ्याला सांगून त्या नावाखाली दीड इंच दगड कोरा सोडला आहे. जिनिव्हाहून उत्तर आलं तर एक शब्द मावेल.